कर्नल निवडताना

सर्व्हर सांभाळण्याच्या कामात नव्याने आलेली मुलं हमखास विचारतात, "सर, एलटीएस ठेवायचा की लेटेस्ट घ्यायचा?" या प्रश्नात एक समजूत दडलेली असते: जुना कर्नल म्हणजे स्थिर, नवा म्हणजे धोक्याचा. ही समजूत मला मुळातच मान्य नाही.

लिनक्सचा नवा कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येतो. पहिले दोन आठवडे नवे बदल आत घेतले जातात, मग आठवड्याला एक अशा सात-आठ आरसी, म्हणजे चाचणीच्या आवृत्त्या, निघतात आणि लिनस टोरवाल्ड्स अंतिम आवृत्ती जाहीर करतात. पुढची आवृत्ती आली की थोड्याच दिवसांत आधीच्या आवृत्तीची देखभाल थांबते. बहुधा वर्षअखेरची एक आवृत्ती मात्र दीर्घ मुदतीसाठी निवडली जाते. ५.१०, ५.१५, ६.१, ६.६, ६.१२ ही सगळी एलटीएस.

पण एलटीएस जागच्या जागी थांबलेला नसतो. ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि साशा लेव्हिन त्यात सतत दुरुस्त्या घालत असतात. नियम असा, की दुरुस्ती आधी मुख्य शाखेत गेली पाहिजे, मगच ती जुन्या शाखेवर बसवायची. रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसचं कलम बांधण्यासारखंच हे काम. काडी कितीही जातिवंत असली तरी खालच्या रोपाशी तिचा जीव जुळावा लागतो.

डिसेंबर २०२३ मध्ये तो जुळला नाही. ६.१.६४ मध्ये ईएक्सटी-४ फाइल सिस्टिमची एक दुरुस्ती आली. ती ज्या दुसऱ्या बदलावर विसंबून होती, तो ६.१ मध्ये नव्हताच. मुख्य शाखेत निर्दोष असलेला तोच कोड इथे डेटा बिघडवू लागला. डेबियनने १२.३ रोखून धरली आणि १० डिसेंबरला थेट १२.४ प्रसिद्ध केली. ६.१ तेव्हा वर्षभर मुरलेला एलटीएस होता.

'डर्टी पाइप'ची गोष्ट आणखी बोलकी आहे. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या दोषामुळे साध्या युझरलाही, फक्त वाचण्याची परवानगी असलेल्या फाइलमधला मजकूर बदलता येत होता. हा दोष ५.८ मध्ये शिरला होता. ५.४ वरच्या मशीन्स सुटल्या, ५.१० आणि ५.१५ एलटीएस असूनही सापडले. त्यांना वाचवलं ते वेळेवर आलेल्या दुरुस्तीने, आणि तीही ज्यांनी बसवून रिबूट केलं त्यांनाच.

म्हणून मी आधी आवृत्तीचा आकडा पाहत नाही. मशीनवर कर्नलच्या मूळ कोडबाहेरचं काय चालतं, ते विचारतो: ओपनझेडएफएस आहे का, एखाद्या कार्डाचा कंपनीने दिलेला ड्रायव्हर आहे का? आपल्यावर चालणारे प्रोग्रॅम मोडायचे नाहीत, हे वचन कर्नल कसोशीने पाळतो. बाहेरच्या मॉड्यूलना मात्र तसं कुठलंच वचन नाही. नव्या कर्नलवर ते बिल्डच होत नाहीत आणि रात्र त्यात जाते. अशा ठिकाणी एलटीएसच. नव्या लॅपटॉपचं वायफाय उठत नसेल, किंवा ६.१२ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आलेली रिअल-टाइम सोय कामाला हवी असेल, तर जुन्याला धरून बसण्यात अर्थ नाही.

डेटाबेसच्या सर्व्हरवर मी एलटीएस ठेवतो, पण त्याचा शेवट येईपर्यंत तिथेच राहत नाही. पुढचा एलटीएस काही महिने मुरला की चाचणीच्या मशीनवर घेतो, मग हळूहळू बाकीच्यांवर, आणि बूट मेन्यूत आधीचा कर्नल ठेवतोच. २०१७ मध्ये सहा वर्षांपर्यंत वाढवलेली एलटीएसची देखभाल दोन वर्षांवर आणण्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. इतक्या जुन्या शाखा फारसं कुणी वापरत नाही, असं कारण दिलं गेलं. मला तो निर्णय योग्यच वाटतो. जितकं जुनं रोप, तितकं नवं कलम बांधणं अवघड, आणि ते बांधणारे हात मोजकेच आहेत.

तुमचा कर्नल डिस्ट्रिब्युशनकडून येत असेल, तर मुदत त्यांच्याकडेच तपासा. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ चा ५.१४ मूळ एलटीएसच्या यादीत कधीच नव्हता. त्याच्या दुरुस्त्या रेड हॅटचे लोक बसवतात. आणि शाखा कोणतीही निवडा, रिबूटची वेळ आधी ठरवून ठेवा. नवं पॅकेज नुसतं बसवलेला सर्व्हर रिबूट होईपर्यंत जुन्याच कर्नलवर चालत राहतो.