कागदावरचा प्रोग्रॅम

प्रोग्रॅम कॉम्प्युटरसाठी लिहायचा असतो, असं आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं गेलं. पण अभियांत्रिकी कॉलेजात तो तपासला जायचा कागदावरच. जर्नल पूर्ण नसेल तर सही नाही, आणि सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसता येत नसे. त्यामुळे सत्र संपत आलं की लॅबमधल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरपुढे रांग लागायची. दोन्ही कडांना भोकं असलेला तो सलग कागद करकरत बाहेर यायचा. कडा फाडायच्या, पानं कापायची, डिंकाने जर्नलात चिकटवायची. एका ओळीत ८० अक्षरं मावत. त्याहून लांब ओळ मधेच तुटून खाली डावीकडे जाऊन पडे आणि इंडेंटेशनची सगळी शिस्त तिथे संपे. सर लाल पेन घेऊन तेच वाचत. एवढं वाचायचंच आहे, तर ते वाचण्यासारखं का छापू नये, असं मला तेव्हापासून वाटत आलं.

नोकरीत युनिक्सवर ‘ए-टू-पी-एस’ भेटला. प्रोग्रॅमची फाइल दिली की तो तिचं पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे प्रिंटरला कळणारं रूप, करून देई. आडव्या ए-फोर कागदावर शेजारी शेजारी दोन पानं, भोवती चौकट, वर फाइलचं नाव, आणि कीवर्ड ठळक. आमच्याकडे कोड रिव्ह्यूला सगळे हे कागद घेऊन बसत. स्क्रीनवर खालीवर सरकवताना फंक्शन किती लांबलंय ते जाणवत नाही. कागदावर त्याने अख्खं पान व्यापून पलीकडच्या पानावर पाय पसरले, की कुणीतरी पेन्सिलीने रेघ मारून ‘इथे तोडा’ असं लिहीच. तोवर छपाईचा उपयोग मला नीटनेटकेपणापुरता वाटत होता. ती प्रोग्रॅमच्या रचनेबद्दल काही सांगते, हे त्या बैठकांमध्ये समजलं.

आणि मग ग्रंथालयात ‘टेक्: द प्रोग्रॅम’ हाती आलं. डोनाल्ड कनूथ यांचं १९८६चं पुस्तक. १९७७मध्ये आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहून ते इतके नाराज झाले, की अक्षरजुळणीची स्वतःची प्रणालीच लिहायला बसले. तीच टेक्. हे पुस्तक म्हणजे तिचा संपूर्ण सोर्स कोड, पण पुस्तक म्हणून छापलेला. त्यासाठी त्यांनी ‘वेब’ नावाची पद्धत तयार केली. इंटरनेटवरच्या वेबच्या कितीतरी आधीची. लेखक एकच फाइल लिहितो, तिच्यात समजावणारा मजकूरही असतो आणि पास्कलमधला कोडही. ‘टँगल’ हा प्रोग्रॅम तिच्यातून कंपायलरला हवा तो कोड काढतो, आणि ‘वीव्ह’ माणसाने वाचायचं पान तयार करतो.

त्या पानाकडे मी कितीतरी वेळ बघत बसले होते. कीवर्ड ठळक, व्हेरिएबलची नावं तिरकी. कीबोर्डवर कोलन आणि बरोबर अशी टाइप केलेली खूण छापताना डावीकडे बघणारा बाण झालेली. ‘लहान किंवा समान’ची दोन चिन्हं एकत्र येऊन गणिताच्या पुस्तकातलं एकच चिन्ह झालेलं. कोडचे १३००हून अधिक क्रमांकित परिच्छेद. मधेच टोकदार कंसात एखादं साधं वाक्य, शेजारी आकडा: हे काम अमुक परिच्छेदात केलं आहे. समोरासमोरच्या दर दोन पानांच्या तळाशी छोटी सूची, इथे आलेली नावं मुळात कुठे ठरवली आहेत ते सांगणारी. वाचणाऱ्याला मागे जाऊन पानं चाळावी लागू नयेत म्हणून इतके कष्ट मी कोडसाठी कुणी घेतलेले पाहिले नव्हते.

पण माझ्या मते खरी गोष्ट देखणेपणाच्या पलीकडची होती. कोड कोणत्या क्रमाने मांडायचा हे कंपायलर ठरवत नव्हता, लेखक ठरवत होता. आधी मुख्य कल्पना, मग तिचे तपशील, आणि अपवाद त्यांची वेळ आल्यावर. कंपायलरचा क्रम लावणं टँगलकडे. १९८४च्या आपल्या लेखात कनूथ यांनी हाच आग्रह धरला होता: प्रोग्रॅम माणसाला समजावून सांगण्यासाठी लिहावा.

पुढे मी शिकवायला लागले आणि टेक्वरच उभारलेल्या लाटेकमध्ये नोट्स करू लागले. कोड छापायला ‘लिस्टिंग्ज’ हे पॅकेज होतं. ओळींचे आकडे, चौकट, लांब ओळ नेमकी कुठे मोडायची, सगळं हातात. पीडीएफमधून कोड उचलला की सरळ अवतरणचिन्हाच्या जागी वाकडं येऊन मुलांचा कोड कंपाइल होत नसे; त्यावर ‘अपकोट’ हा उपाय सापडला. मराठी कॉमेंटवर मात्र उपाय नव्हता. लिस्टिंग्ज प्रत्येक अक्षर मोजून आपापल्या खणात बसवतं. देवनागरीत काना-मात्रा-जोडाक्षरं मिळून एक आकार होतो, तो असा सुटा करता येत नाही. माझ्या कॉमेंटमधली अक्षरं जागा सोडून भलतीकडे छापली जायची. ‘मिंटेड’ आल्यावर हे सुटलं. ते कोडची फोड पायथनमधल्या पिगमेंट्सकडून करून घेतं आणि कॉमेंट सलग राहू देतं, म्हणून झीटेक या टेक्च्या दुसऱ्या रूपात योग्य फाँट लावला की मराठी ओळ अखंड उमटते. २०२१मध्ये एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीचे वर्ग मराठीतूनही चालवायला परवानगी दिली. तेव्हापासून मला ही अखंड ओळ फार मोलाची वाटते.

तरीही मिंटेड कोडला रंग देतं, क्रम देत नाही. म्हणून आता मी नॉर्मन रॅम्झी यांच्या ‘नोवेब’मध्ये नोट्स लिहिते. वेबचाच विचार, पण साधा आणि कोणत्याही प्रोग्रॅमिंग भाषेला चालणारा. कोडच्या तुकड्यांना मी मराठीत नावं देते. सिलेक्शन सॉर्टच्या धड्यात एका तुकड्याचं नाव होतं ‘सर्वांत लहान आकडा शोधा’. वर्गात एक मुलगी म्हणाली, “मॅडम, ‘उरलेल्यांतला सर्वांत लहान’ असं हवं ना? डावीकडचे आकडे तर आधीच लागलेत.” लूप प्रत्येक फेरीत एक घर पुढून का सुरू होतो, हे त्या एका शब्दात आलं होतं. वर्गातच नाव बदललं, वीव्ह पुन्हा चालवला, आणि नवं पान सगळ्यांना वाटलं.