धडक शनिवारची

सोमवार ते शुक्रवार आमच्या सरावात कोणी कोणाला आडवं पाडत नाही. अमेरिकन फुटबॉलमधली धडकाधडकी टीव्हीवर पाहिलेल्यांना हे पटत नाही; नव्या मुलांच्या वडिलांना तर मुळीच नाही. मिनेसोटातल्या एका छोट्या कॉलेजात मी ऑफेन्सिव्ह लाइनचा कोच आहे. चेंडू घेऊन चाल खेळवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहणारे पाच धिप्पाड गडी माझ्या हाताखाली. त्यातला सेंटर चेंडू मागे देतो; उरलेल्या चौघांच्या हाताला तो अख्ख्या मोसमात बहुधा लागतही नाही. या खेळात मला सगळ्यात जास्त माया आहे ती त्यांचीच.

त्यांचं काम बोटांपासून सुरू होतं. एक हात जमिनीला टेकवून गडी वाकला, की समोरचा बचावपटू त्याच्या बोटांच्या पेरांकडे बघतो. पेरं पांढरी पडली असतील तर भार हातावर आलाय, म्हणजे हा पुढे झेपावणार आणि चेंडू घेऊन पळायची चाल आहे. बोटं नुसती टेकलेली असतील तर हा मागे सरकणार, म्हणजे पास. तेवढ्यावरून चाल फुटते. म्हणून ऑगस्टचे पहिले दिवस मी पोरांना एकच बैठक घ्यायला लावतो: चाल कुठलीही असो, बोटांनी चुगली करायची नाही. मग पहिलं पाऊल. ते वीतभरही नसतं, पण चुकलं की पुढचं सगळं चुकतं. सांगलीला कबड्डी खेळताना चढाई करणाऱ्याच्या पायांवर नजर ठेवायची सवय लागली होती, ती इथे कामी येते. यातलं काहीही शिकवायला धडक लागत नाही.

धडकेविना सरावाची ही वाट घालून दिली ती आमच्याच राज्यात कोच असलेल्या जॉन गलार्डींनी. मूळचा कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडचा हा मुलगा. 1943 साली शाळेचा कोच युद्धावर गेला आणि सोळाव्या वर्षी संघ याच्या गळ्यात पडला. स्वतःला नकोशा वाटलेल्या कवायती त्याने बंद केल्या आणि मुलांना सरावात पाणी पिऊ दिलं. तेव्हा तेही बंडच होतं. 1953 मध्ये मिनेसोटातल्या कॉलेजव्हिलच्या सेंट जॉन्समध्ये, बेनेडिक्टाइन साधूंच्या कॉलेजात, ते आले आणि 2012 पर्यंत तिथेच राहिले. शिट्टी नाही, सरावात पाडापाडी नाही, संघातून कोणाला वगळणं नाही. मुलांनी ‘कोच’ न म्हणता ‘जॉन’ म्हणायचं. एकूण 489 विजय. कॉलेज फुटबॉलमध्ये कुठल्याही स्तरावर इतके कोणाचेच नाहीत. हा माणूस मऊ होता असं म्हणणाऱ्यांनी छोट्या कॉलेजांच्या तिसऱ्या विभागाचा 2003 चा अंतिम सामना पाहावा. सलग 55 सामने जिंकून आलेल्या माउंट युनियनला त्यांच्या पोरांनी 24-6 असं हरवलं.

माझी भीती मात्र मी शिकवतो त्या जागेची, लाइनची आहे. स्टीलर्स या व्यावसायिक संघाचा माइक वेबस्टर सेंटर होता, शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये शिकलेला. 2002 मध्ये पन्नाशीतच गेला. डॉ. बेनेट ओमालूंनी त्याचा मेंदू तपासला आणि वारंवारच्या आघातांनी झालेली हानी 2005 साली जगापुढे मांडली. लाइनमनला बसणारे मार टीव्हीवर दिसतही नाहीत. छोटे असतात, पण दर स्नॅपला, म्हणजे सेंटरने चेंडू मागे दिला की, बसतात. सरावातले मार वाचवणं मला शक्य आहे, मग ते न वाचवण्याला माझ्याकडे काय उत्तर आहे?

डार्टमथ कॉलेजचे कोच बडी टीव्हन्स यांनी 2010 मध्ये आपल्या सरावातून माणसांना पाडणं काढून टाकलं. पुढे तिथल्या इंजिनीअरिंगच्या लोकांनी पळता पुतळा बनवला, त्याला हवं तितकं आडवं पाडा. 2016 मध्ये डार्टमथ ज्यात खेळतं त्या आयव्ही लीगच्या आठही कोचनी मोसमातल्या सरावात पूर्ण धडक बंद करायला एकमताने होकार दिला. धडक शिकवावी तर लागतेच: डोकं बाजूला, खांदा पुढे, पाय चालते. अर्धवट शिकलेला मुलगा सामन्यात स्वतःचीच मान मोडून घेईल. पण ते गादीवर, पुतळ्यावर शिकवता येतं.

आम्हा सहायक कोचची नोकरी बहुधा वर्षाच्या कराराची. मुख्य कोच गेला की आपणही सामान बांधायचं. हिवाळ्यात गावोगावी जाऊन मुलं शोधायची. आमच्या तिसऱ्या विभागात खेळाची शिष्यवृत्ती नसते, त्यामुळे आमिष दाखवायला हाती काही नसतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलं की वडील विचारतात, “पहिल्या वर्षी खेळवणार का?” आई विचारते, “डोक्याला लागलं तर?” मी सांगतो, तेव्हा मैदानावर सोडायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, माझा त्यात शब्द नाही आणि मला तो नकोही आहे. त्यावर ती फीबद्दल विचारू लागते.