पदराच्या गाठीतली किल्ली

“कढई खरवडून खाऊ नको गं, लग्नात पाऊस पडेल!” हे वाक्य ऐकल्याशिवाय मोठी झालेली मुलगी आमच्या खानदेशात तरी सापडायची नाही. मी लहानपणी खव्याच्या कढईची खरवड सोडत नसे. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वी माझ्या लग्नात आभाळ फाटलं, तेव्हा झाडून साऱ्या आत्या-मावश्यांनी माझ्याकडेच बोट दाखवलं.

त्या पावसातलं बाकी काही मला फारसं आठवत नाही. आठवतात ते बाबा. पहिली पंगत पानावर बसलेली, बट्टीच्या टोपल्या भिजलेल्या, वरणात पाणी, चुली विझलेल्या. आणि बाबा धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, हात जोडून व्याह्यांपुढे उभे. कोणी फार बोललं नाही, पण दोघे-तिघे मानकरी पानावरून उठले ते उठलेच. रात्री उसनवारी करून दुसरा स्वयंपाक झाला. बाबा एवढंच म्हणाले, “पाऊस माझ्या हाती नव्हता, पण पंगत माझ्या हाती होती.” त्या उसनवारीचे पैसे ते पुढे दोन वर्षं फेडत होते.

मैत्रिणींनो, दोष कढईचा नसतो, पंचांगाचा असतो. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत दाराला तोरण नाही. मुलाची रजा, भावकीतलं सुतक, पैशांची जुळवाजुळव असं करता करता लग्न ज्येष्ठावर येऊन ठेपतं, आणि नेमका तेव्हाच मिरगाचा पाऊस दाराशी उभा असतो. आमच्या मुक्ताईनगरला तर हे कोणी सांगायला नको. इसवी सन १२९७ मध्ये, शके १२१९ च्या वैशाख वद्य दशमीला, तापीकाठी मेहूणला वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली, अशी आमची श्रद्धा. ज्या गावाची देवीच विजेच्या कल्लोळात दिसेनाशी झाली, त्या गावात आम्ही ऐन लग्नसराईत आभाळाकडे न बघता मांडव घालतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

माझ्या थोरलीचं लग्न वैशाखात उरकलं, कारण थोरल्या अपत्याचं ज्येष्ठात करत नाहीत. धाकटीला ती आडकाठी नव्हती. तिचा मुहूर्त ज्येष्ठातला निघाला, आणि तोही गोरज. मी ह्यांना म्हटलं, “सकाळचा धरा ना. दिवसभर जमीन तापते नि वादळ उठतं ते दुपार कलल्यावरच.” पण मुलाकडचे म्हणाले, चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वऱ्हाड कुठं बसवणार? तेही खोटं नव्हतं. गोरजच ठरला.

मग मी हळूच विषय काढला की, चुलत दिरांची कापसाची वखार या दिवसांत रिकामीच असते, वर स्लॅब आहे, ती झाडून ठेवू या का? थोरले भाऊजी एकदम कडाडले, “शुभकार्यात असं बोलता का? मांडव दारातच शोभतो!” सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, “पाऊस येईन तं येईन. तू कशाले आधीच बोलावते त्याले?”

मी गप्प बसले. पण त्याच संध्याकाळी जाऊबाईंकडून वखारीची किल्ली मागून आणली नि पदराला गाठ मारून ठेवली. माझी नि जाऊबाईंची दोन दुपारी चोरून झाडलोट झाली. कापसाच्या धुळीनं दोघींना शिंका आवरेनात!

बाकीची तयारी मात्र उघडपणे केली. ती सांगते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मांडवावरची ताडपत्री सपाट न बांधता एका बाजूला उतार देऊन बांधायला लावली. सपाट ताडपत्रीत पाण्याची पखाल तयार होते नि ती नेमकी पंगतीवर फुटते. मांडवाभोवती वीतभर खोल चर खणून घेतला. चुली विटांच्या ओट्यावर मांडल्या. गोवऱ्या नि सरपण आदल्या दिवशीच ओसरीत रचलं. आचाऱ्याला सांगून ठेवलं, गोवऱ्या भिजल्याच तर बट्टी भाजायची नाही, उकडून, कापून तळायची. खानदेशी माणूस तीही तितक्याच आवडीनं खातो. कुंकवाच्या अक्षता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या, कारण ओल्या अक्षतांचा रंग शालूवर पडला की जन्माची आठवण राहते. विजेच्या वायरी जमिनीवरून न नेता उंचावरून नेल्या, जोड नीट झाकून घेतले, आणि मेन स्विचपाशी एक जाणता मुलगा बसवला. पाऊस आला की आधी वीज बंद, मग बाकीचं. नवरीच्या खोलीत जुने टॉवेल नि एक साधी सुती साडी ठेवली.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून वाराच नव्हता. पान हलेना. चारच्या सुमाराला हतनूरच्या बाजूनं आभाळ काळंभोर झालं, धूळ उठली आणि मांडवाची झालर फडफडू लागली. माझ्या डोळ्यांपुढे बाबांचे जोडलेले हात आले. तेवढ्यात भाऊजी माझ्याकडे आले. आभाळाकडे बघत, खालच्या आवाजात म्हणाले, “वहिनी, ती वखारीची किल्ली कोणाकडे असते?”

मी पदराची गाठ सोडून किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. ते क्षणभर माझ्याकडे बघतच राहिले, पण बोलायला वेळ नव्हता. विजा चमकायला लागल्यावर लोखंडी पाइपांच्या मांडवाखाली थांबणं म्हणजे धोक्याशी खेळ. आधी म्हातारी माणसं नि लेकुरवाळ्या हलवल्या, मग वऱ्हाड. जानोशावर निरोप गेला की नवरदेवाला थेट वखारीकडेच आणा. पातेली पोरांनी उचलून नेली. शेवटचं माणूस बाहेर पडलं नि थोड्याच वेळात मांडवाचा एक कोपरा कडाकडा मोडून खाली आला. जिथं आला, तिथं आम्ही पहिल्या पंगतीच्या पट्ट्या अंथरल्या होत्या.

गोरज मुहूर्त साधला. अंतरपाट कंदिलाच्या उजेडात धरला गेला. भटजींचा आवाज पावसात बुडत होता, पण अक्षता कोरड्या होत्या नि पाताळातून नव्हे, मनातून पडत होत्या. मग पंगत बसली. वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्याची भाजी, सगळं गरम. माझे बाबा आता नव्वदीला आलेले. भिंतीला टेकून बसले होते. पान वाढल्यावर त्यांनी बट्टी कुस्करली, हात लावून बघितली नि म्हणाले, “कोरडी आहे गं.” बस, तेवढंच. मी वळून वरणाची बादली घेतली, कारण डोळे पुसायला पदर मोकळा नव्हता.

पण सगळंच गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. पंगत अर्धी झाली नि चार-पाच पाव्हणे हात धुऊन उठले. या वेळी रुसवा नव्हता. त्यांच्या केळीच्या बागा उभ्या होत्या, घड लागलेल्या. वर्षभर लेकरासारखं सांभाळलेलं पीक असल्या वाऱ्यात घटकाभरात आडवं होतं. त्यातल्या दोघांच्या बागा गेल्याच. दुसऱ्या दिवशी सासर-माहेर दोन्हीकडची माणसं त्यांच्या बांधावर जाऊन आली. आमचा मोडलेला मांडव मला तेव्हा फार लहान वाटला.

पावसाला नावं ठेवायची आम्हांला सोय नाही. त्याच पावसावर पेरणी, त्याच पेरणीवर पुढच्या वर्षीची लग्नं. म्हणून त्याला येऊ नको म्हणू नये, पण येणारच नाही असंही धरू नये. वाईट बोलणं वेगळं नि सोय करून ठेवणं वेगळं, एवढं घरातल्या वडीलधाऱ्यांना पटवता आलं तर उत्तम. नाहीच पटलं तर पदराला एक गाठ मारायला कोणाची परवानगी लागते?

परवा थोरले भाऊजी आले होते. त्यांच्या नातीचं लग्न निघालंय. चहा पिता पिता म्हणाले, “वहिनी, मुहूर्त सकाळचाच धरलाय. आणि वखार झाडायला कधी येता?”