थुंकी एकाची, अमानत सगळ्यांची

गेल्या बकरी ईदला आमचा पुतण्या इंग्लंडहून सुट्टीवर आला. दुपारची जेवणे उरकली, कलेजीची ताटे अजून उचलायची होती, तेवढ्यात त्याने बॅगेतून चॉकलेटे, अत्तराच्या बाटल्या आणि तीन छोटी पांढरी खोकी काढली. प्रत्येक खोक्यात प्लास्टिकची एक नळी, एक पाकीट आणि सूचनांचा कागद. नळीत थुंकायचे, झाकण घट्ट लावायचे, तो परत जाताना घेऊन जाणार आणि दीड-दोन महिन्यांत आपले पूर्वज कुठले हे टक्क्यांमध्ये कळणार. एक खोके त्याचे स्वतःचे, एक त्याच्या अब्बांचे, म्हणजे आमच्या थोरल्या भाईजानचे, आणि तिसरे छोटे दादांचे. छोटे दादा म्हणजे आमचे चाचा. ते कराडला असतात, ईदला आले नव्हते.

"दादांच्या पिढीतले आता तेच एक उरलेत," पुतण्या म्हणाला. "जितका माणूस जुना, तितका पत्ता लांबचा लागतो."

मुले हसली. अम्मी मात्र उठून आत गेल्या. त्या का उठल्या हे त्या खोलीत फक्त आम्हाला आणि फुफूला ठाऊक होते.

पुतण्याचे कुतूहल चुकीचे नव्हते. आपण कोण, कुठले, हे कोणाला कळून घ्यावेसे वाटत नाही? आमचे दादा कराडच्या जुन्या मशिदीचे उंच मिनार दाखवून सांगत की आपण आदिलशाहीत विजापूरकडून आलो. फुफू म्हणते, नाही, अरबस्तानातून. शाळेत इतकी वर्षे उर्दू आणि मराठी शिकवताना आम्ही एक गोष्ट जवळून पाहिली आहे. वर्गापेक्षा जास्त गर्दी कधी कधी शाळेच्या जनरल रजिस्टरपाशी होते. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मग बागवान, अत्तार, तांबोळी, सगळे आजोबांच्या नावाची एक ओळ शोधत येतात. कोणी तहसील कचेरीत गाव नमुना नंबर १४ चा जन्म-मृत्यूचा उतारा मागतो, कोणी कोतवाल बुकाची नक्कल, कोणी मोडी वाचणारा शोधतो. आपल्या लोकांना वंशाचा शोध नवा नाही. नवी आहे ती नळी.

ती नळी काय सांगते? लाळेतल्या पेशींमधल्या डीएनएवरची काही लाख ठिकाणे यंत्र वाचते आणि कंपनीकडे असलेल्या निरनिराळ्या देशांतल्या नमुन्यांशी ताडून पाहते. जुळणी जिथे जास्त, तो टक्का मोठा. कंपनीने नमुने वाढवले की तोच माणूस थुंकीचा एक थेंब न देता काही टक्के इकडचा तिकडे होतो. भारतातल्या काही मुस्लिम समूहांवर याआधी शास्त्रज्ञांनी अभ्यास केले आहेत. त्यांत दिसले ते असे की बहुतेकांचा वारसा आजूबाजूच्या स्थानिक लोकांसारखाच आहे, पश्चिम आशिया आणि आफ्रिकेकडचा अंश थोडा. आपण इथल्याच मातीचे, हे कळायला साता समुद्रापार थुंकी पाठवायची गरज नाही.

पण या टक्क्यांची आम्हाला काळजी नव्हती. काळजी होती ती तिसऱ्या खोक्याची.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनानगरला भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसे गेली, हजारो घरे पडली. आमचे दादा तेव्हा पाटण तालुक्यात गवंडीकाम करत. ढिगारे उपसायला गेलेल्या लोकांत तेही होते. तिथून ते चार-पाच महिन्यांचे एक मूल घेऊन आले. आईबाप परगावाहून मजुरीला आलेले, दोघेही गेलेले. नाव, गाव, जात, धर्म, कोणालाच नक्की सांगता येईना. दादांनी बरेच दिवस चौकशी केली, कोणी आले नाही. दादींच्या मांडीवर तेव्हा फुफू होती, दोन महिन्यांची. दादींनी त्या मुलालाही तिच्याबरोबर अंगावर पाजले. ते मूल म्हणजे आमचे चाचा.

आपल्या दीनमध्ये दुधाचे नाते किती मोठे आहे हे वाचकांना सांगायला नको. सूरह निसामध्ये ज्यांच्याशी निकाह हराम त्या नात्यांत दूध पाजणारी आई आणि दूधबहीणही आहे. म्हणजे चाचा फुफूचे भाऊ आहेत, आमच्या घरातल्या कोणत्याही भावाइतके. मात्र दुधाने वारसा मिळत नाही. म्हणून दादांनी आपल्या हयातीतच कराडचे घर चाचांना हिबा करून ताबा दिला, म्हणजे मागे कोणी बोट दाखवू नये. सूरह अहजाबमध्ये सांगितले आहे की पाळलेल्या मुलाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारा, आणि बाप ठाऊक नसेल तर तो तुमचा दीनी भाऊ आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी बापाचे नाव विचारले. दुसरे नाव ठाऊकच नव्हते, तेव्हा दादांचेच लागले. ते बरोबर झाले की चूक, यावर आमच्या घरात कुजबुज झाली, पण मोठ्याने कधी नाही. चाचांच्या मुलांचे सगळे कागद आज त्याच एका नोंदीवर उभे आहेत.

आता विचार करा. भाईजान आणि चाचा दोघांनी नळ्या भरल्या असत्या तर काय झाले असते? सख्खा काका आणि पुतण्या यांचा साधारण पाव हिस्सा डीएनए जुळतो. इथे शून्य जुळला असता. तेही एखाद्या वडीलधाऱ्याने जवळ बसवून, पाठीवर हात ठेवून सांगितलेले नव्हे. परदेशातल्या मुलाच्या मोबाइलवर, रात्री कधीतरी, एका ओळीत. आणि दुधाचे नाते? ते त्या यंत्राला दिसतच नाही. दादींनी दोन वर्षे जे पाजले त्याचा एक टक्काही त्या कागदावर आला नसता.

हे आमच्याच घरात आहे असे नाही. फाळणीत, दुष्काळात, प्लेगमध्ये किती घरांनी किती मुले पदराखाली घेतली असतील. दुसरा निकाह, सोडलेली बायको, धर्म बदललेला पणजोबा, प्रत्येक घरात एखादी बंद पेटी असतेच.

हा झाला घरातला प्रश्न. बाहेरचा वेगळा आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ट्वेंटी-थ्री अँड मी या अमेरिकन कंपनीवर सायबर चोरी उघड झाली. चोरांनी दुसरीकडून फुटलेले पासवर्ड वापरून सुमारे १४ हजार खाती उघडली. पण त्या कंपनीत नातेवाईक शोधून देण्याची सोय होती. त्या धाग्याने माहिती गेली ती सुमारे ६९ लाख लोकांची. विक्रीला मांडलेल्या यादीत ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांची नावे वेगळी काढलेली होती. आपल्यासारख्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. वंशाची यादी कोणाच्या हाती पडली तर तिचा उपयोग कशासाठी होईल, हे ती यादी करणारा ठरवत नाही. पुढे मार्च २०२५ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्या तिजोरीत सर्वांत मोलाचे काय होते? सुमारे दीड कोटी लोकांचा डीएनए. शेवटी तिच्या संस्थापिकेच्याच संस्थेने साडेतीस कोटी डॉलरला ती घेतली. पण मधले काही महिने लोकांना आपली थुंकी कोणाच्या घरी जाणार हे ठाऊक नव्हते. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. हा बदलता येत नाही, आणि तो मुलानातवांतही तोच उतरतो.

आणखी एक गोष्ट. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात एक जुना खुनी पकडला गेला. त्याने स्वतः कुठेही नमुना दिला नव्हता. दूरच्या नातलगांनी हौसेने एका संकेतस्थळावर आपला डीएनए चढवला होता, त्यावरून पोलीस त्याच्यापर्यंत पोचले. खुनी सापडला हे चांगलेच झाले. पण त्यातून कळते ते हे की चुलत-मावस भावाने नळी भरली की थोडी आपलीही भरली जाते. आपल्याला विचारले असो वा नसो.

आपला कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका दांपत्याच्या खटल्यात याच न्यायालयाने म्हटले की आईबापांच्या भांडणात मुलाची डीएनए तपासणी सरसकट करता येणार नाही, मुलालाही त्याची जनुकीय माहिती जपण्याचा हक्क आहे. डीएनएच्या वापराबद्दलचे एक विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले होते, पण ते २०२३ मध्ये मागे घेतले गेले. त्याच वर्षी वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. त्यात संमतीला महत्त्व आहे, पण ती एका माणसाची संमती. भावाची, चाचाची, अजून जन्मायच्या नातवाची संमती कोणत्या रकान्यात लिहायची, हे कोणताच अर्ज विचारत नाही.

ते आपला दीन विचारतो. परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नका, हे सूरह नूरमध्ये आहे. दुसऱ्याच्या गोष्टी हुडकत बसू नका, हे सूरह हुजुरातमध्ये. आणि त्याच सूरहमध्ये पुढच्याच आयतीत आहे की कबिले आणि कौमा केल्या त्या एकमेकांची ओळख पटावी म्हणून. म्हणजे ओळख हवी, पण दार ठोठावून.

आम्ही आधी सोपा मार्ग पाहिला. पुतण्याला म्हणालो, "चाचांना बरे नाही, त्यांना त्रास देऊ नको." तो म्हणाला, "थुंकायला कसला त्रास?" खरे कारण त्याला सांगणे म्हणजे चाचांची गोष्ट चाचांना न विचारता सांगणे. तेही नळीसारखेच झाले. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही एसटीने आष्टा, पेठनाका करत कराडला गेलो. संध्याकाळी चाचांबरोबर संगमावर बसलो, जिथे कोयना कृष्णेला मिळते. आम्ही चाचरत सगळे सांगितले.

चाचा बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अम्मीने मला तेराव्या वर्षी सांगितले होते. मुलांना सांगायचे राहिले. आज सांगू, उद्या सांगू करता करता नातवंडे झाली. तुम्ही विचारायला आलात, बरे केलेत. आता मीच सांगतो. डब्यातून कळण्यापेक्षा बापाच्या तोंडून कळू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना जवळ बसवले. मुलगा रडला आणि मग म्हणाला, "म्हणजे काही बदलले नाही." मुलगी मात्र गप्प राहिली. तिला पहिले बाळ व्हायचे आहे. चार दिवसांनी तिने आम्हाला फोन केला. "अब्बांना नको असेल तर नको. पण माझे खरे आजी-आजोबा कोण, त्यांना काही आजार होते का, हे मला कळावेसे वाटते. माझी थुंकी तर माझी आहे ना?"

या प्रश्नाला आमच्याकडे पूर्ण उत्तर नव्हते, अजूनही नाही. आजारासाठी डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी वेगळी असते. थॅलेसेमियासारखी तपासणी सरकारी दवाखान्यातही होते, तिला वंशावळ लागत नाही, ती तिने करून घ्यावी, एवढे आम्ही सांगितले. राहिले आजी-आजोबांचे. चाचा म्हणतात, "माझ्या जन्मदात्यांसाठी मी रोज दुआ मागतो, मला पत्ता नको." मुलीने थांबायचे कबूल केले आहे, कायमचे नव्हे. दोघांचेही खरे आहे. घरात अशी गोष्ट बोलून तरी झाली, एवढेच समाधान.

पुतण्याने तिन्ही खोकी तशीच परत नेली. जाण्याआधी मात्र आठ दिवस तो वही घेऊन फुफूपाशी बसला. तिने सात पिढ्यांची नव्हे, पण चार पिढ्यांची नावे दिली, बायकांचीसुद्धा, जी कोणत्याच रजिस्टरात नाहीत. चाचांच्या नावाखाली त्याने काय लिहिले हे आम्ही पाहिले. "दादींचा दूधमुलगा. कोयना, १९६७." चाचांनी ते वाचून मान हलवली.

वाचकहो, तुमच्या घरीही कोणी असे खोके आणले तर मुलांवर ओरडू नका. त्यांच्याबरोबर बसा आणि तीन गोष्टी विचारा. हा नमुना आणि ही माहिती कुठल्या देशात, किती वर्षे राहणार? कंपनी विकली गेली, तर? खाते पुसले तरी आधी कोणाला दिलेली माहिती परत येते का? आणि चौथी गोष्ट घरच्यांना विचारा: यात तुमचेही काही आहे, देऊ का? ज्याचे सर्वांत जास्त जाणार, त्याला सर्वांत आधी विचारा.

हा लेख आम्ही छापायला देण्यापूर्वी कराडला नेऊन चाचांना आणि त्यांच्या मुलांना वाचून दाखवला. दोन वाक्ये त्यांनी काढायला सांगितली, ती काढली आहेत. बाकी त्यांच्या परवानगीने.