दरडीचे मराठी

अनुवादाच्या तासाला आम्ही मुद्दाम साहित्याबाहेरचे उतारे देतो. कवितेचा अनुवाद करताना अडलेला विद्यार्थी अलंकाराच्या आड लपू शकतो. सूचनापत्रकात लपायला जागा नसते. मध्यंतरी दिलेला उतारा हिमस्खलनाच्या इशाऱ्याचा होता. मळलेल्या वाटा सोडून बर्फाळ डोंगरांत फिरणाऱ्यांसाठी असे इशारे हिवाळ्यात दररोज निघतात. त्यांत धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. किती उंचीवरचा, कोणत्या दिशेला तोंड असलेला उतार आज टाळावा, हेही असते. हिमालयासाठी हे काम डीआरडीओची चंडीगढ येथील प्रयोगशाळा करते.

वर्ग पहिल्याच ओळीत अडला. डोंगरावर साचलेला बर्फ हा एक थर नसतो. प्रत्येक हिमवर्षावाचा एक, असे थर एकावर एक बसतात. निरभ्र, कडाक्याच्या थंडीत पातळ बर्फाचे कण साखरेसारखे सुटे होतात, आणि पुढे त्यांच्यावर घट्ट, जड बर्फ साचतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर असा कच्चा थर दबून राहिला, की एका माणसाचे वजनही पुरते. या साऱ्याला मराठीत काय म्हणावे? असल्फ्याच्या डोंगरावर राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने ‘चळत’ हा शब्द सुचवला. नाण्यांची असते तशी. आम्हांला तो ‘हिमसंचया’पेक्षा कितीतरी सरस वाटला.

मग ती आपल्याच डोंगराविषयी बोलू लागली. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम, त्यावर माती, त्यावर घरे. पावसाचे पाणी मुरत कातळापर्यंत जाते आणि तेथे अडते. वरचा भार भिजून जड होतो, खालची पकड सुटते. त्यात प्रत्येक घरासाठी उताराचा पायथा थोडा कापलेला. मेट्रोतून जाणारे प्रवासी ज्या रंगीत भिंतींची छायाचित्रे घेतात, त्या याच उतारावर आहेत.

जुलै 2000 मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात दरड आली, तेव्हा साठांहून अधिक माणसे गेली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला, त्या दिवशी साकीनाक्याचा डोंगर खचला. 18 जुलै 2021 च्या रात्री चेंबूरचे भारतनगर आणि विक्रोळीचे सूर्यनगर. दर वेळी बातमीतले वाक्य एकच: ‘दरड कोसळली.’ व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य आहे. कर्ता दरड, क्रियापद अकर्मक. पायथा कोणी कापला, तेथे राहण्यावाचून कोणाला गत्यंतर नव्हते, याला वाक्यात जागाच नाही. (‘दरड’ म्हणजे मुळात तुटका कडा. कोसळणे हा तिचा स्वभाव नव्हे.)

“मॅडम, बर्फाला रोजचा इशारा असतो, मग आमच्या डोंगराला का नाही?” तिने विचारले. तिच्या गल्लीत पावसाळ्यापूर्वी एक सूचना लागते आणि ऑक्टोबरपर्यंत तशीच राहते. कोरड्या दिवशीही तीच, मुसळधार रात्रीही तीच. हवामान खात्याचे पिवळे-नारिंगी इशारे रोज बदलतात खरे, पण ते साऱ्या जिल्ह्यासाठी असतात. कोणता उतार, ते त्यांत नसते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 2024 मध्ये कोलकात्यात भूस्खलन अंदाजाचे राष्ट्रीय केंद्र सुरू केले. त्याची सुरुवात दार्जिलिंग, कालिम्पोंग आणि निलगिरीपासून झाली. म्हणजे शास्त्र अशक्य म्हणत नाही, एवढे आम्ही तिला सांगू शकलो.

उरलेल्या वेळात वर्गाने त्या पत्रकाच्या धर्तीवर असल्फ्यासाठी इशारा लिहायला घेतला. ‘आज रात्री’, ‘पूर्वेकडील उतार’, ‘पायरी चौथी’ हे सहज जमले. मूळ पत्रकातला सल्ला मात्र मराठीत येईना. तेथे लिहिले होते, आज या उतारावर जाऊ नका. ज्याचे घरच उतारावर, त्याला हे कसे सांगावे? कोणी ‘स्थलांतर करावे’ लिहिले, कोणी ‘घर सोडावे’. त्या विद्यार्थिनीने लिहिले, “मुले, म्हातारी माणसे आणि कागदपत्रे घेऊन रात्री आठच्या आत पुढील ठिकाणी जावे,” आणि पुढची ओळ रिकामी सोडून वही आमच्या टेबलावर ठेवली.