सांता फे येथील एक दार

गेल्या शरदृतूंत चिरंजीवांकडे अमेरिकेस गेलों असतां न्यू मेक्सिको प्रांतांतील सांता फे हें मातीच्या घरांचें टुमदार शहर पाहण्याचा योग आला. तेथें ईस्ट पॅलेस रस्त्यावर १०९ क्रमांकाची जुनी वास्तु आहे. १९४३ पासून लॉस आलामोसच्या पठारावरील गुप्त अणुसंशोधनशाळेकडे जाणाऱ्या नवागतांची पहिली पायरी हीच. डॉरोथी मॅकिबिन नांवाच्या बाई येथें परवाने देत. मग मोटार डोंगर चढूं लागे. वर सर्वांस टपालाचा पत्ता एकच, पेटी क्रमांक १६६३. डेन्मार्कचे थोर शास्त्रज्ञ नील्स बोर यांसही तेथें 'निकोलस बेकर' होऊन वावरावें लागलें!

"मामंजी, इतक्या बंदोबस्तांत चोर कसा शिरेल?" सूनबाईंनीं विचारलें.

शिरला मात्र. ऑगस्ट १९४४ मध्यें ब्रिटिश शास्त्रज्ञमंडळापैकीं क्लाउस फुक्स वर दाखल झाला. जन्मानें जर्मन, मतानें साम्यवादी, १९४२ पासून ब्रिटिश नागरिक. ब्रिटिशांनीं त्याच्याविषयीं हमी दिली व अमेरिकनांनीं ती मानली. स्वतः निराळी चौकशी केली नाहीं. आम्ही शिक्षकही परशाळेचा दाखला पाहून मुलगा वर्गांत बसवीत असूं, त्यांतलाच हा प्रकार! परवान्यांत कांहीं खोटें नव्हतें. जून १९४५ मध्यें याच शहरांतील कास्तियो पुलाशीं त्यानें बाँबच्या रचनेची माहिती सोव्हिएट दूत हॅरी गोल्ड याच्या हातीं दिली. १९५० सालीं त्यानें कबुली दिली. शिक्षा १४ वर्षांची झाली.

आज त्या चौकांत एक स्मृतिफलक आहे. आंत शिरतांना मीं सवयीनें पारपत्र चांचपलें. कोणीं विचारलें नाहीं.