आईची गोळी

आज उन्हाळ कांदा चाळीत भरून झाला. कंबर धरून ओट्यावर बसलेली आई म्हणाली, "दुखण्याची गोळी दे गं." डब्याकडे गेलेला माझा हात थांबला.

तिला बीपीसाठी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम चालू आहे. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते. त्यामुळे कधी घोट्यांवर सूज येते. मागच्या चैत्रात ती सूज पाहून आईने परस्पर गोळी सोडली. आमच्याच कळवण तालुक्यातल्या सप्तशृंग गडावर दर्शनाला निघण्याआधी बीपी मोजलं, तर १७०/१००. ना डोकं दुखत होतं, ना चक्कर. हा आजार बोलत नाही, याचीच भीती वाटते.

डॉक्टरांनी समजावलं होतं: सूज आली तर सांगा, औषध बदलता येतं, मनाने बंद करू नका. एखादा दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या रक्तदाब वाढवतात, किडनीवर ताण आणतात, विचारल्याशिवाय नकोत.

म्हणून आज कंबर गरम पाण्याच्या पिशवीने शेकून दिली. जेवणानंतर आईने बीपीची गोळी घेतली, कॅलेंडरवर फुली मारली. ती रोजची फुली पाहिली की मला निवांत झोप लागते.